सात नंबरचा ब्लाउजपीस

डॉ. गोपीनाथ वझलवार यांनी उभी हयात एकाच प्रश्नापायी घालवली: माणसं एकमेकांना मदत का करतात? स्वतः त्यांनी घरात पाण्याचा तांब्या कधी जागेवर उचलून ठेवला नाही, ती गोष्ट वेगळी. मोठ्या माणसांची कामं मोठी, ती काय तांब्यात वेळ घालवणार!

नागपूरहून भोपाळच्या विज्ञान संस्थेत आले तेव्हा ते चुंबकांवर काम करायचे. चुंबकातला प्रत्येक कण शेजारच्या कणाकडे बघतो आणि त्याच्यासारखं तोंड फिरवतो, असं काहीतरी ते शास्त्र. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, आपल्या मिसरोदच्या कॉलनीत तरी वेगळं काय चाललंय? एकाने गेटसमोर झाडलं की शेजारचा झाडतो, एकाने रस्त्यात कचरा टाकला की सगळी गल्ली टाकते. झालं! चुंबक पडले बाजूला आणि साहेब वळले समाजाकडे. संगणकाच्या पडद्यावर हजारो ठिपके मांडायचे. निळा ठिपका मदत करणारा, लाल ठिपका फुकट्या. मग बघत बसायचं कोण कुणाला बिघडवतो ते. बत्तीस वर्षं हे चाललं. परदेशात व्याख्यानं झाली, इथे शाली मिळाल्या. आणि निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं असताना एका परदेशी नियतकालिकाच्या परीक्षकाने त्यांच्या लेखावर शेरा मारला, की लेखकाने एकदा तरी खरी माणसं बघावीत.

"मी माणसं बघत नाही?" गोपीनाथराव जेवता जेवता कडाडले. "वसुधा, तूच सांग!"

"भात वाढू का?" वसुधाताई म्हणाल्या. त्यांनी आठ दिवसांपूर्वी चष्मा बदलला होता. तो यजमानांच्या अजून लक्षात यायचा होता.

पण शेरा लागला तो लागलाच. खरी माणसं कुठून आणायची, या चिंतेत गोपीनाथराव घरभर फिरू लागले आणि फिरता फिरता कपाटापाशी थबकले. एक अख्खा कप्पा ब्लाउजपीसांनी भरलेला.

"एवढे शिवून घालणार कधी?"

"शिवायला कोण बसलंय! ओटीचे आहेत ते. येतात, जातात."

येतात, जातात! गोपीनाथरावांच्या अंगावर शहारा आला. बायकोच्या कपाटात एवढी मोठी सामाजिक व्यवस्था तीस वर्षं नांदत होती आणि आपण पडद्यावर ठिपके मोजत बसलो! कुणी कुणाला काय दिलं याची नोंद नाही, कुणी सक्ती करत नाही, तरी प्रत्येक बाई देते आणि प्रत्येकीला मिळतं. त्यांनी त्या दिवशी जेवण अर्धवट सोडलं.

नवरात्राच्या तोंडावर ते बिट्टन मार्केटात गेले आणि वीस ब्लाउजपीस घेऊन आले. वसुधाताईंचा विश्वासच बसेना. लग्नाला एकतीस वर्षं झाली, या माणसाने रुमालसुद्धा आणला नव्हता.

"माझ्यासाठी आणलेत?" त्या म्हणाल्या, आणि सांगायला हरकत नाही, त्यांचे डोळे भरून आले.

"हो, म्हणजे तुलाच. ओटीला होतील," गोपीनाथराव म्हणाले. त्याआधी त्यांनी अभ्यासिकेचं दार लावून, कपड्यांवर न पुसणाऱ्या शाईने, प्रत्येकाच्या घडीच्या आतल्या कोपऱ्यात मुंगीएवढा नंबर घातलेला होता. एक ते वीस.

आता माल बाजारात गेला, पण तो फिरतो कसा हे बघायचं कुणी? त्यासाठी गोपीनाथराव ड्रायव्हर झाले. हळदीकुंकू म्हटलं की ज्यांना घरातून काढता पाय घ्यायचा असे, तेच आता चौघींना गाडीत घालून भोपाळभर फिरू लागले. पुढे वसुधाताई, मागे तिघी. त्यांची तीस वर्षांपासूनची मैत्रीण इंद्रपुरीची सुलभा केळापुरे, कॉलनीतली मंजूषा, आणि महाराष्ट्र मंडळाच्या महिला समितीच्या अध्यक्ष कमलिनीबाई, शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मार्गशीर्षातल्या एकेका गुरुवारी चार-चार घरं व्हायची. बायका एका घरातून मिळालेल्या पिशव्या डिकीत टाकून दुसऱ्या घरात शिरल्या, की हे डिकीत डोकं घालून कोपरे तपासायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. जे दिसलं नाही ते गणिताने भरून काढायचे. एकदा चौकातल्या हवालदाराने हटकलं, "अंकल, क्या ढूँढ रहे हो?" हे म्हणाले, "सहकार्य." त्याने गाडी पुढे घ्यायला लावली.

"वसुधा, नशीबवान हं तू," मंजूषा म्हणायची. "आमचे तर गेटपर्यंत सोडायला येत नाहीत."

वसुधाताई लाजायच्या. खरंच लाजायच्या हो, साठीला आलेली बाई!

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. दरवर्षी तिथे कुणी डॉक्टर येऊन मधुमेहावर बोलतात आणि लोक ऐकता ऐकता लाडू खातात. यंदा कमलिनीबाईंनी गोपीनाथरावांना सांगितलं, तुम्ही बोला, पण सोपं आणि वीस मिनिटं. गोपीनाथरावांना हे आमंत्रण म्हणजे पर्वणीच वाटली.

पहिली दहा मिनिटं ठिपके आले आणि सभागृह पेंगलं. मग भोपाळचा नकाशा आला. "यात कुणाचंही नाव मी दिलेलं नाही," गोपीनाथराव अभिमानाने म्हणाले. "कडक गुप्तता पाळली आहे. बाई क, बाई ख, बाई ग. आता आपण फक्त सात नंबरचा प्रवास बघू." आणि त्यांनी सात नंबरचा फोटो लावला. शेवाळी रंग, त्यावर जांभळ्या कोयऱ्या, काठाला पिवळी रेघ.

आता काय सांगायचं या माणसाला! बाई एखाद्या वेळी नाव विसरेल, तोंडवळा विसरेल, पण कापड? बत्तीस वर्षं समाजाचा अभ्यास केला आणि एवढं कळलं नाही. सभागृहात लाडू चावायचे आवाज थांबले.

"हा तर वसुधाने मला दिलेला!" मंजूषा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"अगं पण हा तर सुलभाचा, येवल्याचा!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

कारण मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सुलभाताईंनी हाच ब्लाउजपीस पंचवीस बायकांदेखत वसुधाताईंच्या ओटीत घातला होता, आणि वर म्हणाल्या होत्या, "खास तुझ्यासाठी येवल्याहून मागवलाय गं." सगळ्यांच्या माना सुलभाताईंकडे वळल्या.

"येवला नाही, येवला नाही," व्यासपीठावरून गोपीनाथराव उत्साहाने म्हणाले. "बिट्टन मार्केट. मीच आणला होता."

आणि बाण धावू लागले. वझलवारांच्या घरातून बाई क, क कडून ख, ख कडून ग, तिथून सुलभाताईंचं इंद्रपुरी, तिथून पुन्हा वझलवारांचंच घर, आणि बरोबर सहाव्या दिवशी मंजूषा. चार महिन्यांत अकरा घरं! प्रत्येक बाणाबरोबर कुठल्या तरी खुर्चीवरची बाई खाली बघू लागली. कमलिनीबाईंच्या घरी तो दोनदा येऊन गेला होता. नवऱ्यांच्या बाजूला खसखस पिकली, तेवढं कमी होतं ते पूर्ण झालं. सुलभाताई उठल्या, त्यांनी हातातला तिळगुळाचा डबा खुर्चीवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या.

परतताना गाडीत गोपीनाथराव म्हणाले, "छान झालं नाही? शेवटी चर्चासुद्धा झाली."

वसुधाताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या रविवारी रथसप्तमी. त्या दिवशी वसुधाताईंचं हळदीकुंकू गेली तीस वर्षं चुकलं नव्हतं. भोपाळात नव्या आल्या तेव्हा त्यांची कुणाशी ओळख नव्हती. सुलभाताई तेवढ्या एकट्या आल्या होत्या, आणि दोघींनी मिळून सगळे लाडू संपवले होते. आता घर भरून जायचं. यंदा त्यांनी बायकांच्या व्हॉट्सअॅप गटावर आमंत्रण टाकलं आणि उत्तरं यायला लागली. पाहुणे आहेत. घसा धरलाय. जावयांचा घसा धरलाय. एका संध्याकाळात भोपाळच्या मराठी समाजातले अकरा घसे धरले. सुलभाताईंनी काही लिहिलंच नाही. वर रोज सकाळी गेटला पिशव्या लटकलेल्या दिसू लागल्या. आत वसुधाताईंनी कधीकाळी दिलेले ब्लाउजपीस, घडीसुद्धा न मोडलेले. काही तर त्यांनी दिलेलेच नव्हते, पण लोकांनी संधी साधून कपाटं रिकामी केली. मंजूषाकडच्या हळदीकुंकवाला म्हणे प्रत्येकीने दुकानाचं लेबल तसंच ठेवून नवं कापड दिलं, आणि सगळ्याजणी चहा न घेता घरी गेल्या.

तुम्हाला वाटेल, गोपीनाथराव खजील झाले असतील. छे! ते हरखले. सहकार्य कोसळताना जगात कुणी इतक्या जवळून पाहिलं होतं? तेही स्वतःच्या गेटवर! रोज सकाळी ते पिशव्या मोजायचे आणि आलेख काढायचे. बुधवारी वसुधाताई चहा ठेवायला आल्या तेव्हा पडद्यावर तो आलेख होता, आणि शेजारी ठिपक्यांचं जाळं. मधोमध एक मोठा ठिपका, त्यावर लिहिलं होतं 'केंद्र १'.

"ही मी का?" तीन दिवसांनी त्या पहिल्यांदा बोलल्या.

"हो! सगळ्यात महत्त्वाचा बिंदू. बघ ना, तुझ्याकडून किती रेषा..."

"मला वाटलं होतं, माझ्यासाठी आणलेत." वसुधाताईंचा आवाज चिरकला. "मला वाटलं, एकतीस वर्षांनी का होईना, या माणसाला सुचलं. मी सगळ्यांना सांगत फिरले. गाडीत बसताना मला किती बरं वाटायचं, माहीत आहे? आणि तुम्ही डिकीत नंबर बघत होतात."

गोपीनाथरावांनी घाईघाईने पडदा बंद केला.

"आणि तो येवल्याचा! मला काय डोळे नाहीत? ओटीत पडताक्षणीच ओळखला मी. तुम्ही आणलेल्या विसांतला एकेक पाठ होता मला. पण सुलभा म्हणाली येवला, तर येवला! तिच्याकडे त्या महिन्यात काय ओढाताण होती ते मला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हो. तीस वर्षं ती तिची झाकते, मी माझी. तुम्ही भर सभेत सगळ्यांच्या मुठी उघडल्यात. रविवारी माझ्या दारात कुणी येणार नाही आणि सुलभा तर आता कधीच येणार नाही." त्यांनी चहाचा कप ठेवला आणि त्या गेल्या. पुन्हा बोलणं बंद.

यावर शहाण्याने गप्प बसावं. पण गोपीनाथरावांनी बायकांच्या गटावर, व्याख्यानासाठी त्यांना तात्पुरतं घेतलं होतं तिथे, एक लांबलचक संदेश टाकला. "प्रिय भगिनींनो, मिळालेला ब्लाउजपीस पुढे देणे हे निरोगी समाजाचे लक्षण आहे. उदाहरणार्थ, सौ. सुलभाताईंनी तो अवघ्या तीन दिवसांत पुढे दिला, ही अत्यंत कार्यक्षम..." आगीतून फुफाट्यात! चार मिनिटांत कमलिनीबाईंनी त्यांना गटातून काढून टाकलं.

शुक्रवारी त्या परदेशी नियतकालिकाचं पत्र आलं. ब्लाउजपीसांच्या नोंदी घालून महिन्यापूर्वी पुन्हा धाडलेला लेख स्वीकारला होता. परीक्षकाने या वेळी लिहिलं होतं की अशी खरी माणसं त्याने आजवर कुठल्याच लेखात पाहिली नाहीत. बत्तीस वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते हे वाक्य. गोपीनाथरावांनी ते दोनदा वाचलं आणि कुणाला तरी सांगावं म्हणून स्वयंपाकघरात गेले. वसुधाताई पाटावर बसून तिळगुळाचे लाडू वळत होत्या. दरवर्षीइतकेच, दीडशे. कुणी येणार नाही हे माहीत असून वळत होत्या आणि मधूनच पदराने नाक पुसत होत्या. गोपीनाथराव दारातून मागे फिरले. त्यांना गलबलून आलं, आणि काय करावं ते कळेना, कारण याचा आलेख निघत नव्हता.

शनिवारी सकाळी त्यांनी लेख मागे घेतल्याचं कळवलं, स्वच्छ शर्ट घातला आणि कमलिनीबाईंच्या घरी गेले. तिथे महिला समितीची बैठक भरलेली होती. चौदा बायका होत्या. सुलभाताई खिडकीपाशी, पाठ ताठ करून.

"मी क्षमा मागायला आलोय," गोपीनाथराव उभ्याउभ्या म्हणाले. "माझं व्याख्यान साफ चुकीचं होतं. नंबरांची शाई पसरली होती. एक आणि सात सारखेच दिसत होते. फोटोही अदलाबदल झाले. बाकीचं मी अंदाजाने भरलं. त्यातलं काहीही खरं नाही."

हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोललेला नव्हता, त्यामुळे त्याला ते अजिबात येत नव्हतं. कान लाल झाले होते आणि नजर पंख्यावर होती.

कमलिनीबाईंनी चष्मा नाकावर घेतला. "वीस कापडं. चार महिने. आणि एकही नोंद बरोबर नाही?"

"एकही नाही."

"अंदाजाने भरलं तरी एखादी चुकून बरोबर येते. पाचवीतल्या पोरांचीसुद्धा येते."

"माझी नाही आली."

"डॉक्टरेट कशात आहे म्हणालात?"

"भौतिकशास्त्रात."

"मग तुम्हाला बेरीज येते ना?"

परदेशात ज्यांच्या गणितासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, ते गोपीनाथराव म्हणाले, "हल्ली जरा चुकते."

प्रत्येक बाईला माहीत होतं की हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय. पहिली कोण 'बरं' म्हणणार? जी म्हणेल ती सगळ्यांसमोर भोळसट ठरणार. गोपीनाथरावांनी हे दृश्य पडद्यावर हजारदा पाहिलं होतं. सगळे लाल, आणि मधे एखादाच निळा झाला, तर पुढच्या क्षणाला तो पुसला जातो. आता सगळं संपलं असं त्यांना वाटलं.

"मला तेव्हाच वाटलं होतं," खिडकीजवळून आवाज आला.

सुलभाताई बोलत होत्या. सर्वांत जास्त शोभा जिची झाली होती, तीच बाई.

"मी तर तो जांभळ्या कोयऱ्यांचा ब्लाउजपीस कधी पाहिलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "मी वसुधाला दिला तो येवल्याचा, मोरपंखी होता."

"मोरपंखीच!" मंजूषाने लगेच री ओढली. "मी स्वतः पाहिलाय."

"माझ्याकडे दोनदा आला म्हणे!" कमलिनीबाई म्हणाल्या. "एकदासुद्धा आला नाही. मला आकडे कळतात."

आणि मग जे सुटलं ते सुटलं! चौदा जणी एकदम बोलू लागल्या. कुणाचा नंबर सहाचा नऊ झाला होता, कुणाचा फोटोच नागपूरचा होता. कुणी कुणाला खूण केली नाही, डोळा घातला नाही, तरी मिनिटभरात सगळ्यांचं खोटं एकमेकांत असं चपखल बसलं की गोपीनाथरावांचाही क्षणभर विश्वास बसला. बैठक संपली तेव्हा ते एकट्याने मूर्ख ठरले होते आणि सगळ्या शहाण्या.

घरी येऊन त्यांनी वसुधाताईंना सगळं सांगितलं. लेख मागे घेतल्याचंही सांगितलं.

"बेरीज चुकते म्हणालात? तुम्ही?"

"हो."

"कमलिनीबाईंसमोर?"

"हो गं."

"जेवलात का?" वसुधाताई म्हणाल्या, आणि पानं घ्यायला वळल्या.

रथसप्तमीला सगळे घसे बरे झाले. संध्याकाळी पाचचं आमंत्रण असताना सुलभाताई चारलाच रिक्षाने आल्या. चपला काढल्या, पदर खोचला, कुणी न सांगता वाट्यांमध्ये लाडू भरायला बसल्या. वसुधाताई समोर बसल्या. दोघींनी झाल्या प्रकाराबद्दल अक्षर काढलं नाही. दहा मिनिटांत सुनांच्या स्वयंपाकावर चर्चा रंगली.

गोपीनाथराव दारात उभे होते. ट्रे त्यांच्याच हातात होता, कारण आज ते खरोखर मदतीला होते. त्यांची नजर सुलभाताईंवरून हलेना. काल त्या खोलीत पहिलं पाऊल या बाईने टाकलं होतं. का टाकलं? ज्या उत्तरासाठी बत्तीस वर्षं घातली ते इथे जाजमावर बसून लाडू मोजत होतं. नुसतं विचारलं की झालं. त्यांचे ओठ हलले. वसुधाताईंनी ते बघितलं आणि त्यांच्या हातातला लाडू तसाच राहिला.

सुलभाताईंनी मान वर केली. "काय भावजी? काही विचारायचंय का?"

गोपीनाथरावांनी एकदा बायकोकडे बघितलं.

"हो," ते म्हणाले. "चहा घेणार का?"

"अर्धाच," सुलभाताई म्हणाल्या, आणि गोपीनाथरावांनी आत जाऊन आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवला.